सासूबाईंची गुडघेदुखी

“गुडघा परत ठणकतोय रे शहाण्या,” हेडफोनमध्ये सासूबाईंचा आवाज आला आणि सुनेची बोटं कीबोर्डवर थबकली.

भिंतीपलीकडे दवाखान्याचा हॉल होता. तिथे टेबलावर एक पांढरी पेटी. पेटीला कॅमेऱ्याचं भिंग आणि खाली जाळी. माणसं जाळीत बोलायची, पेटी उत्तर द्यायची. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं, वस्तीने त्याचं ‘शहाणा’ करून टाकलं. जगातलं सगळं वैद्यकशास्त्र याच्या पोटात आहे, असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं.

पोटात सून होती.

सतरा वर्षं ती याच दवाखान्यात नर्स होती. मग शहाणा आला आणि तिला काढलं. तीन आठवड्यांत शहाण्याने एका बाळाच्या तापावर केस गळण्याचं तेल सांगितलं, तेव्हा कंपनीच्या टायवाल्या साहेबाने तिला गुपचूप बोलावून घेतलं. “थोडेच दिवस. यंत्र शिकेपर्यंत.” तिने टाइप करायचं, पेटीने पुरुषी आवाजात बोलायचं. नर्सला हटवून यंत्र बसवलं आणि यंत्रात नर्स बसवली. पगार तेवढा अर्धा केला. यंत्राला कोणी पगार देतं का?

अट एकच. कुणालाही, अगदी घरातही कळलं, तर त्याच दिवशी काम सुटलं. म्हणून घरी तिने सांगितलं होतं, गोदामात खोकी भरते. यायचं मागच्या गल्लीतून. बसायचं या कोंदट खोलीत, जिला त्याच गल्लीत उघडणारी एक खिडकी होती.

दोन वर्षं झाली. यंत्र अजून शिकत होतं.

“डावा की उजवा?” तिने टाइप केलं. पेटी बोलली.

“डावा.”

“काल उजवा म्हणालात.”

“ते काल. दुखण्याला घर बदलायला काय भाडं पडतंय?”

मागे बाकावर बसलेल्या शेजारणी खिदळल्या. सासूबाई रोज अकराच्या ठोक्याला यायच्या आणि चार-पाच जणींना ओढून आणायच्या. सून तापाने फणफणली होती तेव्हा दोन दिवस ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली होती. तेवढे दोन दिवस सोडले, तर एकही खाडा नाही.

सुनेला हेच खुपायचं. घरी गुडघ्याचा ग नाही. पाण्याचा भरलेला कॅन घेऊन म्हातारी तीन मजले चढायची, आणि “आई, द्या इकडे” म्हटलं की “हो बाजूला” म्हणायची. दात-ओठ खाऊन सोसत असणार. घरात सतरा वर्षांची नर्स, आणि दुखणं सांगायचं पेटीला! या हातांनी निम्म्या वस्तीची बाळंतपणं केली, त्यांची किंमत घरात शून्य.

“कोमट पाण्याने शेका. जिने चढू नका,” तिने टाइप केलं, जरा रागानेच.

“बरं हो, डॉक्टरसाहेब.”

तेवढ्यात हॉलमध्ये बुटांचे आवाज आले. पाहुणे. ज्यांच्या देणगीवर हे सगळं चालायचं, ते. दवाखाना चालू ठेवायचा की त्याला टाळं लावायचं, हे आज ठरणार होतं. आकडा त्यांनी आधीच कळवला होता, दिवसाला निदान चाळीस माणसं यायला हवीत. चाळीस कशीबशी भरत होती. त्याच धास्तीत सून सकाळी इतकी घाईने निघाली, की जेवणाचा डबा ओट्यावरच राहिला. आता पोटात कावळे ओरडत होते.

पाहुण्यांतली एक बाई सासूबाईंपाशी वाकली. “आजी, पूर्वी इथे नर्स होती ना? ती बरी की हा?”

टायवाला साहेब खोटं हसत उभा राहिला.

“हाच!” सासूबाई ठणकावून म्हणाल्या. “नर्सच्या नाकावर राग. शिवाय माणूस म्हटलं की थकतं, आजारी पडतं, त्याला भूक लागते. याला आहे का काही? सोन्यासारखं पोर. खालमानेने कामाला जुंपलेलं असतं बिचारं. याला हलवलंत तर आम्ही मेलो म्हणून समजा.”

“हलवायचं नाही!” शेजारणींनी गिल्ला केला.

पाहुणे खूश झाले. आपसात कुजबुजले. मग टायवाल्याचा आवाज फुटला, “आणखी तीन वर्षं मंजूर!” टाळ्या पडल्या. यंत्राचं अभिनंदन झालं. फलकापाशी फोटो काढायला सगळी वरात बाहेर गेली, शेजारणीही मागोमाग.

सुनेने मनगटाने डोळे पुसले. काम वाचलं होतं. पण सख्ख्या सासूने चारचौघांत तिच्यातल्या नर्सला मूठमाती दिली होती, आणि त्याबद्दल आभार तिलाच मानायचे होते. तिने ठरलेलं वाक्य टाइप केलं. “धन्यवाद. लवकर बऱ्या व्हा.”

सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी मान वळवून रिकामा हॉल पाहिला. मग त्यांचा चेहरा भिंगात एकदम मोठा झाला, आणि जाळीला तोंड लावून त्या हळूच म्हणाल्या,

“अगं, डबा मागच्या खिडकीत ठेवलाय, जेव आधी. आणि गुडघे पुरे झाले आता, उद्यापासून खोकला काढते.”