हौदातल्या मासोळ्या

लग्नाला नऊ वर्षं होऊनही कूस उजवली नाही, तेव्हा सिंधुबाईनं दारच्या हौदातल्या मासोळ्यांत जीव रमवला. एकमेकींशी जुळवून घेतील अशाच मासोळ्या नथ्थू कोळ्यानं तिला तापीतून निवडून दिल्या होत्या. पावसाळाभर त्या सुखानं नांदल्या. दिवाळीनंतर मात्र रोज एकदोन नाहीशा होत गेल्या.

"हिच्या हातून काहीच जगत नाही," असं पंचांना सांगून नवऱ्यानं दुसरं लग्न ठरवलं. खाली मान घालून उभ्या असलेल्या सिंधुबाईलाही ते खरंच वाटलं.

कायमची माहेरी जायला ती नावेत बसली, तेव्हा नथ्थू हळूच म्हणाला,

"बाई, दिवाळीले तुन्हा मालक मन्हाकडतून जित्ती मरळ लई ग्यात. ती बाकीना मासा खाई टाकस, हाई मी त्यासले सांगेल व्हतं. तुले नही सांगं का त्यासनी?"