टाकीचे गाल

सातव्या मिनिटाला मोटरने दगा दिला. नेहमीसारखाच, अगदी घड्याळ लावून. निघताना जोर होता, पण खाडीच्या मध्यावर आवाज बसला आणि होडीचं वर उचललेलं नाक पाण्याला टेकलं. फरक एवढाच की आज पुढच्या फळीवर परवान्याचे साहेब बसले होते, मांडीवर फॉर्म आणि हातात घड्याळ घेऊन. वीस मिनिटांत होडी पलीकडे पोचली तर फेरीचा परवाना आणखी तीन वर्षं. नाही पोचली तर उद्यापासून होडी धक्क्याला बांधून ठेवायची.

मोटरच्या दांड्यावर सासरे होते. चाळीस वर्षांत तो दांडा त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. "जुनी झालीय," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. मेकॅनिकचंही तेच मत. मोटर थकलीय, नवीन घ्या. नवीन घ्या म्हणे, जशी काही काडेपेटीच आणायचीय.

सुनेला ते पटलं नव्हतं. महिनाभर ती त्या मोटरच्या हात धुऊन मागे लागली होती आणि तिचा नियम एकच, फुकटात होईल ते आधी. पंख्यात गुरफटलेली जाळ्याची दोरी तिनं कापून काढली. प्लग जुन्या टूथब्रशनं घासला. पेट्रोलची गाळणी धुतली. गुण काही येईना. एक गोष्ट मात्र तिला राहून राहून खटकत होती. मेकॅनिकच्या पाण्याच्या पिंपात हीच मोटर तासभर तक्रार न करता चालली होती. पण तिथं टाकी त्याची होती. घरची टाकी सासऱ्यांनी नेऊच दिली नव्हती. भरलेली टाकी परक्याच्या हाती द्यायला ते काय खुळे होते?

एरवी ती पुढे दोरापाशी बसायची. आज ती जागा साहेबांनी घेतली, म्हणून ती मागे टाकीला टेकली होती. निघताना टाकी पाठीला लागत होती. आता लागेना. तिनं वळून पाहिलं. प्लास्टिकची टाकी दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली होती, कवळी काढून ठेवलेल्या म्हातारीच्या गालांसारखी.

तिला तेलाचा डबा आठवला. एकच भोक पाडलं की तेल अडत अडत येतं, हवेसाठी दुसरं पाडलं की धार लागते. स्वयंपाकघरात हे कुणालाही ठाऊक असतं. तिनं झाकण पाहिलं. हवा आत घ्यायचा छोटा स्क्रू बंद होता. नुसता बंद नाही, पकडीनं आवळलेला. पितळेवर ताजे ओरखडे होते.

"बाबा, हा कुणी आवळला?"

"मी. पेट्रोल महागलं तेव्हापासून रोज आवळतो. सैल ठेवला की वास येतो. वास येतो म्हणजे उडतंय ना ते."

"पेट्रोल बाहेर जात नाही, बरोबर. पण हवाही आत जात नाही. बिचारी पेट्रोल सोडणार कशी? पक्कड कुठाय?"

सासऱ्यांनी स्वतःच्या खिशातून पक्कड काढून दिली.

तिनं स्क्रू फिरवला. फुस्स झालं आणि टाकीचे गाल भरून आले. नळीवरचा, पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा तिनं चार-पाच वेळा दाबला. मोटर एकदा खोकली, मग तिनं असा आवाज लावला की साहेबांनी फॉर्म सोडून फळी धरली.

"सतरा मिनिटं," पलीकडच्या धक्क्याला लागल्यावर साहेब म्हणाले. "मधे काय झालं होतं?"

"काही नाही, कचरा अडकला होता," सून घाईघाईनं म्हणाली.

"कचरा कसला? माझी अक्कल अडकली होती," सासरे म्हणाले. धक्क्यावर रांगेत उभ्या असलेल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले. "मेकॅनिकला महिन्यात सापडलं नाही ते हिनं बसल्या जागी काढलं. लिहा."

"तसा रकाना नसतो, काका. चालकाचं नाव सांगा."

सासऱ्यांनी हातातल्या दांड्याकडे पाहिलं. "हिचं लिहा."

सून बघतच राहिली. साहेबांनी पेन थांबवलं. "यांना येते चालवता?"

"माझ्याकडे बघून बघून कधीच शिकलीय. परतीला बसा, कळेल."

"आणि तुम्ही?"

सासरे उठले, दांडा सोडून पुढे आले आणि साहेबांच्या शेजारी फळीवर ताठ बसले. सदऱ्याची सुरकुती त्यांनी हातानं नीट केली.

"मला प्रवाशांत धरा."