अकरा जणांचा अर्ज

समुपदेशनाचा कार्यक्रम अत्यंत यशस्वीरीत्या पार पडला आणि सर्व कर्मचाऱ्यांची मने हलकी झाली. असा अहवाल टंकलेखक विनोदने सकाळी दहालाच टाइप करून ठेवला होता. तो तूर्त विसरून जाऊ, कारण समुपदेशक मॅडम अजून लातूरहून निघायच्या होत्या.

रेणापूरच्या सरकारी कचेरीतल्या रामलिंगने आत्महत्या केली, त्याला बारा दिवस झाले होते. आवक-जावकचा कारकून. वय चौतीस. वरून आदेश आला, कर्मचाऱ्यांना धीर द्या. धीर कसा देतात ते कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. मग जे ठाऊक होतं ते केलं. शाल, नारळ आणि हार मागवला.

हेडक्लार्क किशनरावांना त्या दिवशी एकच गोष्ट साधायची होती. तोंड उघडायचं नाही. रामलिंगबद्दलची एक गोष्ट त्यांनी बारा दिवस कुणाला सांगितली नव्हती. जेवण खाली जात नव्हतं. बायकोला त्यांनी सांगितलं होतं, ॲसिडिटी हाय.

मॅडमचं नाव भार्गवी. किशनरावांच्या धाकट्या पोरीएवढ्या. गळ्यात हार, मांडीवर नारळ, अशा थाटात त्या दुःखाविषयी बोलल्या. बरं बोलल्या. इथं कुणाची चौकशी नाही म्हणाल्या. कुणाला काही सांगायचंय का?

 विनोदने हात वर केला.

"मॅडम, याचं सर्टिफिकेट भेटतं का?"

"न्हाई भेटत," मॅडम म्हणाल्या. "बोलवत नसंल तर लिहा. त्याच्याशी बोलायचं काय राहिलं, तेवढंच."

किशनरावांनी कागद पुढं ओढला. जन्मात त्यांना एकच प्रकार लिहिता येत होता. लग्न ठरल्यावर बायकोला पहिलं पत्र लिहिलं, तेही 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं सुरू झालं होतं. त्यांनी समास सोडला आणि अर्ज लिहिला. 'प्रति'पुढं मात्र पेन अडलं. असल्या कामाचा सक्षम अधिकारी कोण, ते तीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. जागा कोरी सोडली.

"वाचता का, काका?" मॅडमनी विचारलं.

किशनरावांनी नकारार्थी मान हलवली आणि कागद शेजारच्या शिवकन्याकडं सरकवला. शिवकन्या कचेरीतली सगळ्यात फटकळ बाई. तिनं मनातल्या मनात वाचला. मग पर्समधून पेन काढलं.

"माझी बी सही घ्या काका. माझ्याकडं सोमवारी आला हुता. मी म्हणलं, मार्चएंड हाय, आत्ताच मरायला आलास का."

शेवटचे शब्द तिच्याच कानावर पडले तसा तिनं पदर तोंडाला लावला.

"तुझ्याकडं बी?" किशनराव म्हणाले. बारा दिवसांत त्यांना पहिल्यांदा रडू फुटलं, आणि फुटलं ते मग आवरेना.

"असलं दुखणं एका माणसाच्या हाताबाहेरचं असतंय, काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "चूक कुणा एकाची नसती."

कागद हातोहात फिरला. कुणी बोललं, कुणी नुसतीच सही केली. साहेबांनी सही केली, सवयीनं शिक्का उचलला आणि खाली ठेवला. विनोदने 'मला' खोडून वर 'आम्हां अकरा जणांना' असं लिहिलं. शिवकन्या रामलिंगच्या खुर्चीत जाऊन बसली आणि त्याचं रजिस्टर उघडून तिनं अर्जाला जावक क्रमांक दिला.

अर्ज असा होता :

'महोदय, मागील महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी चार वाजता श्री. रामलिंग यांनी माझ्या टेबलाजवळ येऊन, "काका, चहाला चलता का, जरा बोलायचं हाय," असे तोंडी कळविले होते. मी मान वर न करता "उद्या जाऊ" असा शेरा दिला. तरी सदर शेरा रद्द समजून तो मंगळवार, दुपारी चार वाजल्यापासून, आम्हां अकरा जणांना पुन्हा मंजूर व्हावा, ही विनंती.'