आधीचा आजार

खिडकीमागच्या कारकुनानं दोन अर्ज पुढे सरकवले. एक पांढरा, एक पिवळा.

“पांढरा साध्या योजनेचा. तपासणी होते. निर्दोष निघालात तर पुढच्या महिन्यापासून सगळे उपचार सरकारी खर्चानं. पिवळा आधीचा आजार असणाऱ्यांचा. त्यांनाही सरकार नाही म्हणत नाही, पण त्या आजारासाठी वर्षभर थांबायचं.”

“वर्षभर?” थोरलीनं विचारलं.

“नियम आहे, बाई. आजार कोणाला आहे?”

थोरलीनं शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीकडे पाहिलंही नाही. “कोणालाच नाही,” ती म्हणाली आणि तिनं पांढरा अर्ज उचलला.

धाकटीच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापात खराब झाली होती. इतकी वर्षं तिनं गोळ्यांवर रेटलं. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया. खासगी विमा कंपन्यांनी झडपेचं नाव ऐकताच तोंड फिरवलं होतं. राहिलं होतं सरकार, आणि सरकार वर्षभर थांबा म्हणत होतं.

बसथांब्यावरच्या बाकावर थोरली म्हणाली, “तपासणीला मी जाते. तुझ्या नावानं.”

धाकटीनं पांढरा अर्ज तिच्या हातातून काढून घेतला. “ताई, पकडलं तर?”

“कोण पकडतंय? जन्मभर लोक मला तुझ्या नावानं हाका मारतायत.”

ते खरंच होतं. दोघींत दीड वर्षाचं अंतर. तेच कपाळ, तीच हनुवटी. फोनवर तर आईसुद्धा फसायची.

“आणि तुझा स्वतःचा अर्ज?”

“मला काय धाड भरलीय?”

थोरली एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसाचे नऊ तास उभ्यानं. घरी आली की आधी पाय उशीवर टाकायची, मग बाकीचं जग. आजारी पडायला तिला सवड नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी धाकटीनं तिची उजळणी घेतली. आधी जन्मतारीख, मग सही. मग डॉक्टर काय काय विचारतील ते.

“धाप लागते का विचारतील.”

“नाही.”

“थकवा?”

“नाही.”

“पाय सुजतात?”

“नाही म्हणजे नाही. कळलं मला. तुला जे जे होतं ते मला होत नाही.”

धाकटी हसली नाही. तिनं आपला चष्मा काढून बहिणीच्या नाकावर ठेवला. अर्जावरच्या फोटोत चष्मा होता.

तपासणीच्या खोलीत थोरलीला त्या चष्म्यातून सगळं धुकट दिसत होतं. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि कितीतरी वेळ ऐकलं. थोरलीला भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. लॉन्ड्रीत दुपारनंतर हात आपोआप चालतात, तसं आतून सगळं आपोआप चाललं होतं.

“धाप लागते?”

“नाही.”

“थकवा?”

“नाही.”

“पाय सुजतात?”

“नाही.”

डॉक्टरीणबाईंनी वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि काहीतरी लिहून घेतलं. मग रक्त घेतलं, लघवीची बाटली दिली, दोन ठिकाणी सह्या घेतल्या. दुसऱ्या सहीकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं, असं थोरलीला वाटलं.

तीन दिवसांनी धाकटीच्या फोनवर निरोप आला. पुन्हा या. रक्त पुन्हा घ्यायचं आहे.

“संशय आलाय त्यांना,” धाकटी म्हणाली. “जाऊ नकोस, ताई. पिवळा अर्ज भरू. थांबू वर्षभर.”

“तू थांबशील. ती झडप थांबेल का?”

थोरली पुन्हा चष्मा लावून गेली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला. “घरी कोण असतं तुमच्या?”

“बहीण.”

“तब्येत बरी असते तिची?”

थोरलीनं चष्मा नाकावर वर सरकवला. “ठणठणीत आहे,” ती म्हणाली.

“बरं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुई टोचली.

पत्र बारा दिवसांनी आलं. पाकिटावर धाकटीचं नाव होतं. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. धाकटीनं पाकीट सुरीनं नीट उघडलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

“साध्या योजनेसाठी अर्ज नामंजूर. कारण, आधीचा आजार.”

थोरलीनं मान हलवली. इतके दिवस या वाक्याची वाट पाहून झाली होती, त्यामुळे ते आलं तेव्हा काहीच वाटलं नाही. “ओळखलं म्हणजे. पोलिसांचं काही लिहिलंय?”

धाकटीनं पान उलटलं. “नाही.”

“मग?”

“तपासणीचा अहवाल आहे.”

ती मनातल्या मनात वाचत राहिली. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. मग तिनं कागद टेबलावर ठेवला आणि बहिणीकडे सरकवला. तिचा हात कागदावरून निघेना.

“वाच ना मोठ्यानं,” थोरली म्हणाली.

धाकटीनं मान हलवली, नाही म्हणून. थोरलीनं तिचा हात हळूच बाजूला केला. अहवाल दोनच ओळींचा होता.

हृदय निर्दोष. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, उपचार ताबडतोब सुरू करावेत.