आठ खाटांची खोली

खालच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आठ खाटांच्या खोलीतली शांतता मोडली. योगिनी दचकून उठली. आजूबाजूच्या खाटांवर सहा पुरुष अजून झोपलेले. तिनं घाईनं ओढणी सारखी केली.

आज अकराला जिंतुरात कोर्टाची शेवटची तारीख होती. सहा वर्षांची लेक ऋतिका आईकडं राहणार की बापाकडं, म्हणजे प्रीतमकडं, ते आज ठरणार होतं. वकीलबाईंनी बजावलं होतं, "प्रीतमच्या हाती काही लागू देऊ नका. बाई एकटीच कुठंही राहते, एवढंच त्याचं म्हणणं आहे."

जिंतुरातल्या तीन लॉजवाल्यांनी एकट्या बाईला खोली दिली नाही. येलदरीला धरणापाशी पर्यटकांसाठी निघालेल्या या हॉस्टेलात मात्र बायकांची वेगळी खोली होती. परवाच फोनवर तिनं ऋतिकाला कौतुकानं सांगितलं होतं, कुठं उतरणार ते. पण काल येऊन बघते तर ती खोली भरलेली.

"चारी खाटा फोनवरच घेतल्या कुनीतरी," हॉस्टेल सांभाळणारी दैवशाला म्हणाली होती. "उशिरा येताव म्हणल्यात. आता ही सगळ्यांची खोलीच हाय, ताई."

शेवटची बस गेली होती. योगिनी पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून पन्नाशीचे व्यंकटराव उठले. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर टॉवेल.

"ताई, भिंतीकडची माझी खाट घ्या. मी मधी पडतो."

"तुम्हाला उगीच त्रास..."

"कशाचा तरास? माझं घोरनं ऐकून ही पोरं पळाली न्हाईत म्हंजे मिळवलं!"

पोरं हसली. योगिनीही हसली, कित्येक दिवसांनी.

"मला धर्माचा भाऊ समजा," ते म्हणाले. ती खाटेवर टेकली तसा त्यांनी तिचा एक फोटोही काढला; आजूबाजूची पोरंही त्यात आली. "मंडळीला दावतो. म्हनावं, तुला नणंद भेटली."

आता दैवशाला चहा घेऊन वर आली. "बायकांच्या खोलीत कुनी आलंच न्हाई बघा. आता काय म्हनावं?"

आठ वाजता कोर्टानं ठरवून दिलेला व्हिडिओ कॉल लागला. ऋतिकाची एकच वेणी झाली होती, दुसरीकडचे केस मोकळे.

"आई, मी बाहुली पिशवीत भरली. आज तुझ्यासंगं यायचंय ना?"

"हो गं, राणी. बाबा काय करतोय?"

"बाबा लय खुश हाय. सकाळधरनं फोनमधले फोटोच बघायलाय."

शेजारी व्यंकटराव टॉवेलानं तोंड पुसत होते. योगिनीला वाटलं, लेकीला दाखवावं, जगात अशीही माणसं असतात.

"ऋतू, हे बघ, तुझे मामा. रात्रभर यांनी आईला राखलं."

"ऱ्हाऊ द्या, ताई," म्हणत व्यंकटरावांनी झटकन तोंड फिरवलं. पण फोन तिकडं वळलेला होता.

ऋतिका खुदकन हसली.

"मामा कुठले? हे तर व्यंकटकाका! रोज येतात की बाबाकडं. आई, ते तुझे भाऊ कधी झाले?"