फ्लायव्हीलपाशी

बेकर्सफील्डच्या उन्हात आमचं गॅरेज तापलं होतं, आणि माझं डोकं त्याहून. माझ्या धाकट्या भावाने, लाइलने, मला न विचारता इंजिनाचे सिलिंडर आतून कोरून, बोअर करून आणले होते. भिंती कागदासारख्या पातळ, आणि शनिवारी शर्यत!

इंजिन जुळवून टायरांवर ठेवलं होतं. पुढून मी पान्याने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवत होतो. लाइल इंजिनाआड, त्याच दांड्याच्या मागच्या टोकावरच्या जड चाकापाशी, फ्लायव्हीलपाशी फुगून बसला होता.

पाना मध्येच अडला. मी जोर लावला, तसा तिकडूनही जोर आला.

"फ्लायव्हील सोड, गाढवा!"

पाना हळूहळू उलटा फिरू लागला.

"लाइल, तिकडे आलो ना, तर थोबाड रंगवीन!"

"कुणावर भुंकतोयस?" लाइल दारातून म्हणाला. "मी केव्हाच हॅम्बर्गर आणायला गेलो होतो. तुझ्या शिव्या खात बसू?"

"मग फ्लायव्हील कोणी धरलंय?"

"डोकं फिरलंय तुझं!" त्याने गरम पिशवी माझ्या हातांत कोंबली आणि तणतणत इंजिनामागे जाऊन वाकला. "बघ, कुणी नाहीये. आता मी धरतो."

त्याने फ्लायव्हीलवर हात ठेवला.

"दादा, पाना सोड! सोड म्हणतो ना! हात अडकलाय माझा!"

पिशवी अजून माझ्या दोन्ही हातांत होती.