मूळ जोडी

"हात लावू का?" कानसेनांनी विचारलं.

"लावा की. चावत नाहीत," मिस्त्री म्हणाला.

दुकान कसलं, गल्लीच्या टोकाची एक खोली. पोट उघडे पडलेले रेडिओ, वायरींची भेंडोळी, आणि मधोमध स्टुलांवर ते दोन स्पीकर. चाळीस वर्षांपूर्वीचे, पण नवरदेवासारखे सजलेले. लाकडाच्या रेषा मधासारख्या चमकत होत्या. पुढचं कापड कोरं होतं.

कानसेन हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं होतं. नोंदणी कार्यालयात ते कागद तपासायचे. मूळ कागद असेल तर शिक्का, नाहीतर साक्षात ब्रह्मदेव आला तरी परत पाठवायचे. घरीही तेच. त्यांच्या वडिलांची अगदी ह्याच मॉडेलची जोडी होती. आवाज घोगरा झाला तेव्हा मेव्हण्याने नुसता स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, तर कानसेन त्याच्याशी दिवाळखोराशी बोलावं तसं तुटक बोलायला लागले ते आजतागायत. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारायच्या आधी त्यांनी ती जोडी पोत्यात शिवून माळ्यावर चढवली. त्यालाही सहा वर्षं झाली; तेव्हापासून ते माळ्यावर चढलेले नाहीत.

आज मात्र बायकोच त्यांना ओढून घेऊन आली होती. घरात एक जास्तीचा डबा आला तरी कपाळाला आठ्या घालणारी बायको! "नुसतं ऐकून तर बघा. ऐकायला काय जातंय?"

कानसेनांनी मागे जाऊन वाकून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे उघडलेत."

"उघडलेतच. पडदे बदलले, वायरिंग बदललं, जाडा-बारीक आवाज वेगळा करणारी आतली पाटी मी स्वतः बनवली."

"म्हणजे कंपनीचं उरलं काय?"

"खोकं. आणि अब्रू."

बायको फिस्सकन हसली. कानसेनांनी तिच्याकडे बघितलं तशी ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"आमचे काळे आहेत," ते म्हणाले. "कंपनीचाच रंग. एका स्क्रूला कुणी हात लावलेला नाही."

"काळ्या रंगाखाली लाकूडच असतं, साहेब. बरं, काय लावू?"

बायकोने पर्समधून कॅसेट काढली. वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला त्या दिवशी तो तपासायला म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं होतं. तेवढाच त्यांचा आवाज शिल्लक. कानसेनांनी तो घरच्या डबड्या प्लेअरवर शेकडो वेळा ऐकला होता. कुठे खरखर येते तेही पाठ.

मिस्त्रीने कानसेनांना खुर्ची दिली आणि टेपमध्ये कॅसेट सरकवली.

"हॅलो. एक, दोन, तीन."

कानसेन ताठ झाले. वडील समोर बसले होते. लांब नाही, त्या दोन स्टुलांच्या मध्ये, हात लांबवला तर गुडघ्याला लागेल इतक्या जवळ. पान उलटल्याची सळसळ झाली. चष्मा वर सरकवताना ते नाकातून श्वास सोडायचे, तोही आला. पाय आपोआप जवळ घेतले गेले, लहानपणी वडिलांसमोर घ्यायचे तसे.

मग ती पाठ असलेली खरखर आली. पण ती खरखर नव्हती.

वडिलांच्या मागून, दाराआडून आल्यासारखा, एक बाईचा आवाज आला. "पुरे आता. चहा निवतोय."

"सासूबाई!" बायकोने तोंडावर हात ठेवला.

आईचा एक शब्दसुद्धा कुठे उरलेला नव्हता. फोटो होते, गप्प बसलेले. बावीस वर्षं कानसेन ही कॅसेट उराशी धरून होते आणि आई तिच्यात चहा घेऊन उभी होती.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

चार वेळा लावलं. चौथ्यांदा मिस्त्रीनेही चष्मा पुसला.

"ज्याने हे उघडले," कानसेन हळूच म्हणाले, "त्याने चूक केली असं मी नाही म्हणणार."

बायकोने मिस्त्रीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, पण तो मध्येच बोलला. त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

"मग घ्या. पैसे नकोत मला. वहिनी म्हणाल्या, ह्याच मॉडेलची जोडी तुमच्या माळ्यावर पडून आहे. ती मला द्या, ही न्या."

"तिचं काय करणार?"

"उघडणार. अजून काय?"

बायको मिस्त्रीवर डोळे वटारत होती. कानसेनांचं लक्षच नव्हतं. ते उठून दारात गेले. समोर एकजण सायकलचं पंक्चर काढत होता, त्याच्याकडे बघत राहिले. वडिलांनी ती जोडी खांद्यावरून घरी आणली होती, एकेक करून, दोन खेपांत. आणि इकडे आई. एका हाताला वडील, दुसऱ्या हाताला आई, आणि दोघांतलं एक सोडायचं.

ते परत आले. एका स्पीकरच्या डोक्यावर तळवा ठेवला, ताप बघावा तसा.

"नको," ते म्हणाले.

"अहो!"

"एवढं सोन्यासारखं काम मी जन्मात पाहिलं नाही, मिस्त्री. तुमच्या हातांच्या पाया पडायला हवं. आईला ऐकायला मी इथे येत जाईन, तुम्ही हाकलून देईपर्यंत. पण बाबांची जोडी मी देणार नाही. कुणीतरी तिच्यावर हत्यार चालवलंय हे माहीत असताना मला घास उतरणार नाही."

मिस्त्रीने वाकून दोन्ही वायरी सोडवल्या, गुंडाळल्या आणि स्पीकरवर ठेवल्या.

"वहिनी, आता तुम्हीच सांगा. माझी मस्करी माझ्याच अंगाशी आली."

बायकोने नवऱ्याची बाही धरली.

"अहो, ओरडायचं असेल तर घरी जाऊन ओरडा. पण आता एका बाजूने उचला. माळ्यावरचे बाबांचे ते हेच आहेत."